जावईबापूंची मेलखालची सही

भांडं घेताना शहाणी बाई आधी ते उलटं करून बूड बघते. वरची नक्षी काय, कोणीही काढतं; भांडं टिकतं ते बुडाच्या जाडीवर. मेलचंही तसंच आहे. वरच्या अंगाला माणूस काय वाटेल ते लिहितो. कधी रजा मागतो, कधी माफी, कधी नुसतीच चौकशी करतो. पण हा माणूस कोण, त्याला उत्तर द्यायचं की नाही, द्यायचं तर बसून द्यायचं की उठून उभं राहून, हे सगळं ठरतं मेलच्या बुडाशी असलेल्या सहीवर. जुनी माणसं पत्राखाली नुसतं नाव लिहायची. काहीजण तेवढंही नाही, 'तुमचाच' म्हणून मोकळे व्हायचे. त्यांची कामं व्हायची, हे नाकारून चालणार नाही. पण त्या कामांना काही शान नव्हती.

ही शान ज्यांनी घरापर्यंत आणली ते जावईबापू. (ते कंपनीत कोणाचेच जावई नव्हते. पण कोणत्याही परिपत्रकाने बदलता येणार नाही असं हे एकच पद त्यांच्याजवळ होतं, म्हणून तेच वापरलेलं बरं.) पाण्याच्या टाक्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत ते कोठारप्रमुख होते. कोठारात ते एकटेच असल्यामुळे त्यांच्या प्रमुखपणावरून कधी वाद झाला नाही. झाकणं लहान, मध्यम आणि मोठी अशी असत. लहान वर, मोठी खाली अशी रचली तर डोंगर कोसळत नाही, हा शोध जावईबापूंनी लावला होता, आणि तो आपल्याआधी कोणालाच लागला नव्हता अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बायकोने ती समजूत कधी मोडली नाही. संसारात काही काही झाकणं लागतातच.

तर कोठार एका गावात आणि घर दुसऱ्या गावात. घरी बायको. ती दवाखान्यात परिचारिका, कायमची नोकरी, ती सोडून नवऱ्यामागे जाणं शक्य नव्हतं. शेजारच्या गल्लीत सासूबाई. त्यांना काहीही शक्य होतं. आणि एक मुलगी, नुकती नीट बोलायला लागलेली. रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर बाप उगवायचा, पापा द्यायचा आणि मावळायचा. एकदा शेजारणीने कौतुकाने विचारलं, "बाबा कुठे गं तुझे?" मुलगी म्हणाली, "चार्जिंगला लावलेत." शेजारीण हसली, सासूबाईही हसल्या. बायको हसली नाही. तिने स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला.

"अहो, आता पुरे झालं. बदली मागा."

मागायला जागाही होती. घरच्या गावी कंपनीची शाखा होती आणि तिथले कोठारप्रमुख महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. जागा एकच, पण तिच्यावर अजून कोणाचा डोळा नव्हता. बदल्यांचं सगळं मोठ्या साहेबांच्या हातात. मोठे साहेब मुख्य कचेरीत बसत. ते कोणाला भेटत नसत, फोन उचलत नसत. पण मेल बघत, आणि मनात आलं तर तिथल्या तिथे हुकूम काढत. म्हणजे करायचं होतं ते इतकंच, की दोन ओळी लिहून पाठवायच्या. जावईबापूंनी त्या लिहिल्यादेखील. 'साहेब, माझी बायको आणि मुलगी तिथे आहेत. तिथली जागा मला मिळावी.' चांगल्या ओळी होत्या. दगडालाही कळल्या असत्या.

आता पाठवायचं, तेवढ्यात प्रतिमा विभागाचं परिपत्रक येऊन थडकलं.

प्रतिमा विभाग म्हणजे मुख्य कचेरीतल्या एक बाई. त्यांना सगळे प्रतिमाबाई म्हणत. कंपनीची प्रतिमा सांभाळणं हे त्यांचं काम होतं, आणि झाकणांच्या कंपनीला प्रतिमा आहे हे त्यांच्या नेमणुकीनंतरच सगळ्यांना कळलं. परिपत्रक असं होतं:

'सर्व कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की, कंपनीची प्रतिमा ही मेलच्या तळाशी वास करते. पाहणीअंती असे आढळून आले आहे की, दहापैकी नऊ वाचक प्रथम स्वाक्षरी पाहतात (दहावा वाचक पाहणीच्या दिवशी रजेवर होता). सबब प्रत्येकाने आपली स्वाक्षरी उठावदार, विश्वासार्ह व श्वास घेणारी अशी करून घ्यावी. तशा स्वाक्षरीविना आलेल्या मेलचा विचार केला जाईलच असे नाही.'

शेवटचं वाक्य शांतपणे वाचलं असतं तर त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. 'केला जाईलच असे नाही' म्हणजे केलाही जाईल. पण जावईबापू नियम वाचणाऱ्यांतले नव्हते, पाळणाऱ्यांतले होते. (नियम पाळणाऱ्यांनाच लागू होतात. न पाळणाऱ्यांना ते कसे लागू होणार?) त्यांनी मेल तसाच ठेवला आणि सहीच्या कामाला हात घातला. सही झाली की पाठवू, म्हणाले. चांगलं काम घाईने करू नये. घाईने फक्त वाईट कामं करावीत, म्हणजे ती लवकर संपतात.

पहिला प्रश्न पदाचा. 'कोठारप्रमुख, झाकणे' असं त्यांनी लिहिलं आणि मंजुरीसाठी प्रतिमाबाईंना पाठवलं. बाईंचा फोन आला.

"झाकण हा शब्द जरा कसा वाटतो ना?"

"झाकणासारखाच वाटतो."

"तेच म्हणतेय मी. आवरण म्हणा. आणि आवरण कुठे असतं?"

"टाकीवर."

"वर ना? मग ऊर्ध्व-आवरण."

जावईबापूंचे डोळे उघडले. इतकी वर्षं आपण झाकणं मोजत बसलो आणि ती ऊर्ध्व-आवरणं होती! पुढचं त्यांना आपोआप सुचत गेलं. हाताखाली कोणी नव्हतं, म्हणून 'वरिष्ठ'. कोठाराची किल्ली त्यांच्याच कमरेला असे, म्हणून 'सुरक्षा'. ट्रक आला की दार तेच उघडत, म्हणून 'वितरण'. शेवटी पद ठरलं: 'वरिष्ठ प्रमुख, ऊर्ध्व-आवरण साठवण, सुरक्षा व वितरण'. काम तेच राहिलं. फक्त ते करताना आता जावईबापूंना थोडं ताठ उभं राहावं लागे.

संध्याकाळी बायकोचा फोन.

"अहो, गेला का मेल?"

"वरचं झालंय. खालचं चाललंय."

"खालचं म्हणजे काय?"

"खालचं म्हणजे मी."

"आणि वरचं?"

"वर तुम्ही दोघी."

"मग वरचं पाठवा ना," बायको म्हणाली. "तुमचं मागाहून येऊ दे."

पण बायकांना कार्यालयीन शिस्त कळत नाही. (असं जावईबापूंनी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणण्याइतके ते अजून वरिष्ठ झाले नव्हते.)

दुसरा प्रश्न फोटोचा. चेहरा दिसला की माणसावर विश्वास बसतो, असं परिपत्रकाच्या पुरवणीत म्हटलं होतं. ज्यांना आपण रोज चेहऱ्याने ओळखतो त्यांच्यावर आपला विश्वास का नसतो, याबद्दल पुरवणी गप्प होती. जावईबापू इस्त्रीचा शर्ट घालून फोटोवाल्याकडे गेले. फोटोवाल्याने त्यांना हाताची घडी घालायला लावली. घडी घातली, तोंडावर बोट तेवढं ठेवायचं राहिलं. मग तो म्हणाला, "जरा डावीकडे बघा. उद्या काय होणार ते तुम्हाला आजच ठाऊक आहे, असं बघा." उद्या काय होणार ते जावईबापूंना ठाऊक नव्हतं, त्यामुळे बरेच फोटो वाया गेले. शेवटी त्यांना कोठाराची किल्ली खोलीवर राहिल्याचा भास झाला, त्या क्षणी फोटोवाल्याने बटण दाबलं, आणि तो फोटो सर्वांत दूरदृष्टीचा निघाला.

तिसरा प्रश्न रंगाचा. सही निळी असावी याबद्दल दुमत नव्हतं. काळी रडवी दिसते आणि लाल मागे लागल्यासारखी. पण कोणती निळी? त्यांनी तीन तुकडे रंगवून घरी पाठवले आणि मत मागवलं. बायको दवाखान्यात होती. मत सासूबाईंनी दिलं.

"जावईबापू, तिन्ही एकच आहेत."

"नाही हो आई. पहिला विश्वासार्ह आहे, दुसरा गंभीर आहे, तिसरा मोकळा."

"असं होय! माझी लेक सध्या घरात रागाने लाल होऊन फिरतेय. तो रंग नाही का आला तुमच्याकडे?"

जावईबापूंनी गंभीर निळा घेतला.

मग नावाच्या आधी कोणता शब्द घालायचा, यावर घोडं अडलं. 'आपला' नुसता उघडा पडतो. 'आपला नम्र' म्हटलं तर पुढच्याला वाटतं, हा काहीतरी मागणार. (मागायचंच होतं, पण ते आधीच दिसून उपयोगाचं नाही.) शेवटी 'सदैव आपला' पसंत पडलं. त्यांनी ते बायकोला उत्साहाने वाचून दाखवलं.

"सदैव कोणाचे?" बायकोने विचारलं.

"मोठ्या साहेबांचा."

"मग जागा मागायची कशाला? तुम्ही तर दिलेलेच आहात तिकडे."

पत्त्याचंही सोपं नव्हतं. कोठार पोलीस चौकीच्या मागे होतं. तसं लिहिल्यावर बायको म्हणाली, "चौकीच्या मागे नको, लोकांना वाटेल आत आहात." म्हणून त्यांनी 'चौकीनजीक' केलं. मग चौकीचं नाव आलंच आहे तर कंपनीवर काही संशय नको, म्हणून पुढे 'नोंदणीकृत' घातलं. नोंदणीकृत काय, ते लिहिलं नाही. भारदस्त शब्दाने सगळ्याच गोष्टी सांगू नयेत.

खरी हाताची सही चिकटवायची सूचना होती. जावईबापूंची हाताची सही म्हणजे पावतीवर ओढलेली एक वळवळणारी रेघ. पावसाळ्यात गांडूळ घाईने रस्ता ओलांडतं तशी. ती मोठी करून बघितली तर आणखी मोठं गांडूळ दिसायला लागलं. मग त्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जुन्या वर्तमानपत्रांवर नवी सही गिरवली. डौलदार वेलांटी, शेवटी झोकदार शेपूट आणि शेपटाखाली टिंब. सही इतकी सुधारली की बँकेने त्यांना ओळखायला नकार दिला.

ती सगळी मांडणी त्यांनी पुन्हा प्रतिमाबाईंना पाठवली आणि फोन लावला. बाई बराच वेळ बघत राहिल्या असाव्यात, कारण फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण श्वास घेत नाहीये."

"म्हणजे?"

"मध्ये मोकळी जागा हवी. दाटीवाटी झाली की माणूस किरकोळ वाटतो."

म्हणून मध्ये मध्ये मोकळी जागा सोडली. जागा मोकळी सोडली की ती रिकामी दिसते, म्हणून तिच्यात थोडं थोडं भरलं. भरल्यावर पुन्हा श्वास कोंडला, म्हणून पुन्हा जागा सोडली. घरं वाढतात ती अशीच. अखेर जी सही उभी राहिली ती वरून खाली अशी होती:

सदैव आपला,
(वेलांटी, शेपूट आणि टिंबासह हाताची सही)
नाव, ठळक, गंभीर निळ्यात
वरिष्ठ प्रमुख, ऊर्ध्व-आवरण साठवण, सुरक्षा व वितरण
पदवीधर (पहिल्याच प्रयत्नात)
प्रथमोपचार शिबिर, उपस्थित
उत्कृष्ट रचना पुरस्कार (शाखांतर्गत, स्पर्धक: स्वतः)
फोटो, डावीकडे बघणारा
कंपनीचं चिन्ह, उजवीकडे उघडणारं
फोन, दुसरा फोन, आणि दोन्ही लागले नाहीत तर करायचा फोन
नोंदणीकृत, चौकीनजीक
ब्रीद: 'आम्ही झाकतो, तुम्ही निर्धास्त राहा.'
झाडे वाचवा. हा मेल छापण्यापूर्वी विचार करा.
हा संदेश गोपनीय आहे. चुकून आपणास मिळाला असल्यास तो विसरून जावा व विसरल्याचे कळवावे.

नमनाला घडाभर तेल असं म्हणतात. इथे नमन दोन ओळींचं होतं. तेलाचा घडा सगळा निरोपाला गेला. त्या दोन ओळी सहीच्या डोक्यावर अशा बसल्या होत्या, जशा मोठ्या हवेलीच्या कौलावर दोन चिमण्या.

पण एक मान्य करायला हवं. बैल जायच्या आत त्यांनी झोपा केला. तिथले कोठारप्रमुख निवृत्त व्हायला अवकाश होता, दुसऱ्या कोणीही जागा मागितली नव्हती, तेव्हा जावईबापूंनी मेल पाठवला. बायकोला कळवलं. बायकोने सासूबाईंना कळवलं. सासूबाईंनी शेजारणीला कळवलं. मुलीला सांगितलं की बाबा येणार. तिने लगेच फोन घेऊन तो पालथा करून मागचं झाकण उघडतंय का बघितलं.

आनंदाच्या भरात जावईबापूंनी हे कंपनीच्या खानावळीत जेवताना शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही सांगितलं. त्याला सगळे जांभईवाले म्हणत. बिलांचं काम त्याच्याकडे होतं आणि बिलांनाही त्याची सवय झाली होती. जांभईवाल्याने विचारलं, "तिकडचं कोठार कसं आहे?" जावईबापूंनी भाबडेपणाने सांगितलं की छप्पर उंच आहे, दोन्ही बाजूंनी वारा येतो आणि दुपारी कोणी फिरकत नाही. जांभईवाला जेवता जेवता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती तरतरी आली. पण जावईबापूंनी ते मनावर घेतलं नाही. ज्याने परिपत्रक उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं, त्या माणसाची काय धास्ती घ्यायची?

तिकडे मुख्य कचेरीत मोठ्या साहेबांनी जावईबापूंचा मेल उघडला. रीत म्हणून, आणि परिपत्रकाचा मान म्हणून, त्यांची नजर आधी तळाशी गेली. गोपनीयतेची सूचना वाचून ते सावरून बसले. ब्रीद वाचून त्यांनी पेला बाजूला ठेवला. फोटोपाशी आले तेव्हा ते खुर्चीतून उठले होते. आपल्या कंपनीत असा माणूस आहे, तो डावीकडे इतकं दूरवर बघतो आहे, आणि आपल्याला पत्ता नाही! तेवढ्यात दुसरीकडून बोलावणं आलं आणि साहेब फोटोच्या वर काही चढले नाहीत. जाता जाता त्यांनी हुकूम दिला, की हा मेल आदर्श म्हणून छापून फलकावर लावा. (झाडांचा विचार करण्यात आला. विचार करून मग छापण्यात आला.)

कागद लांबलचक निघाला आणि फलकाची काच आखूड. शिपाई कात्री घेऊन प्रतिमाबाईंपुढे उभा राहिला. कुठून कापायचं? बाईंनी विचार केला. फोटो कापणं अशुभ, चिन्ह कापणं कंपनीद्रोह, गोपनीय सूचना कापली तर कायद्याची भानगड. वरच्या दोन ओळींना ना रंग होता, ना चौकट, ना श्वास. "हे काढा," बाई म्हणाल्या. शिपायाने ती पट्टी कापली. फेकायला जीवावर आलं, म्हणून घडी घालून खडखडणाऱ्या खिडकीत पाचर मारली. खिडकी गप्प बसली. म्हणजे बायको आणि मुलगी अगदीच वाया गेल्या असं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना आणखी एक मेल आला. जांभईवाल्याचा. रिक्षात बसल्या बसल्या अंगठ्याने लिहिलेला. त्यात ना स्वल्प ना पूर्ण, कसलाच विराम नव्हता: 'साहेब तिकडच्या कोठारात जागा होतेय म्हणे मी जाऊ का'. साहेबांची नजर सवयीने तळाशी गेली. तळाशी काहीच नव्हतं. दुसरं काही वाचायलाच नसल्यामुळे त्यांना नाइलाजाने वरचं वाचावं लागलं. वाचलं, तर कळलं. कळलं, तर उत्तर द्यावं लागलं. त्यांनी लिहिलं, 'जा.'

जावईबापूंना याची गंधवार्ता नव्हती. त्यांना साहेबांचा निराळाच निरोप आला होता: 'आपल्यासारखी सही मलाही हवी.' जावईबापूंना गगन ठेंगणं झालं. साहेबांचं काम केलं म्हणजे आपलं काम झालंच, असं धरून त्यांनी कंबर कसली आणि साहेबांची सही बांधायला घेतली. ती त्यांच्या स्वतःच्या सहीपेक्षा उंच ठेवली, फोटोला सावली दिली आणि श्वासासाठी दोन्ही बाजूंनी ओसरी सोडली.

बायकोने विचारलं, "साहेब काय म्हणाले बदलीचं?"

"मी त्यांना आवडलोय," जावईबापू म्हणाले.

"ते ठीक आहे. पण घरी पाठवतायत का?"

"अगं, एवढं आवडल्यावर कोणी नाही कसं म्हणेल?"

सासूबाई मागून बोलल्या, "आवडलेली वस्तू कोणी घरी परत पाठवतं का, जावईबापू?" पण फोनवर तेव्हा खरखर होती.

आणि मग हुकूम आला. सकाळी, ट्रकमधून झाकणं उतरत असताना. पाठवणारे: मोठे साहेब. जावईबापूंनी मेल उघडला आणि एका झटक्यात तळाशी गेले. सही झकास उमटली होती! निळा फुटला नव्हता, सावली पडायची तिथेच पडली होती, ओसरीवर वारा खेळत होता. त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी तो मेल तसाच्या तसा बायकोला पाठवला आणि लिहिलं, 'बघ, किती छान आलंय!'

थोड्या वेळाने फोन वाजला.

"अहो, वरचं वाचलंत?"

"वर काय आहे?"

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"जावईबापू, अभिनंदन," सासूबाई म्हणाल्या. "फार पुढे गेलात हो तुम्ही."

"पुढे म्हणजे कुठे, आई?"

"वर लिहिलंय. मान वर करा, दिसेल."

जावईबापूंनी मान वर केली. वर लिहिलं होतं, की रिकाम्या होणाऱ्या जागी जांभईवाल्यांची बदली करण्यात येत आहे. आणि वरिष्ठ प्रमुख, ऊर्ध्व-आवरण इत्यादी यांची असामान्य कर्तबगारी पाहता त्यांची मुख्य कचेरीत 'स्वाक्षरी-संचालक' या नव्या पदावर नेमणूक होत आहे. सर्व शाखांच्या सह्या सुधारेपर्यंत त्यांना तिथून हलवू नये. घरापासून कोठार जितकं लांब, त्याच्यापुढे तितकीच लांब मुख्य कचेरी. जावईबापू एका मोठ्या झाकणावर बसले. झाकण बसण्यासाठी नसतं. ते कचकन वाजलं आणि ट्रकवाल्याने वळून बघितलं.

त्यांनी बायकोला पुन्हा फोन लावला. तिने उचलला नाही. मग त्यांनी मेल लिहिला: 'चुकलं माझं.' हे दोनच शब्द, पण पाठवताच त्याखाली त्यांची सही आपसूक येऊन उभी राहिली. हाताची घडी घालून, डावीकडे बघत. बायकोचं उत्तर लगेच आलं. 'संदेश मिळाला. सूचनेप्रमाणे विसरले. विसरल्याचे कळवीत आहे.'

त्या संध्याकाळी फोनच्या पडद्यावर बाप उगवला नाही. मुलीने फोन हलवून बघितला, कानाला लावून बघितला, मग खाली वाकून कपाटामागे बघितलं. हे जावईबापूंना सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी त्या दिवशी टोमणा मारला नाही, नुसतं सांगितलं. त्याने जावईबापूंना जे लागलं ते इतक्या वर्षांच्या टोमण्यांनी लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोठारात आले, दार आतून लावून घेतलं आणि मोठ्या साहेबांना लिहिलं: 'साहेब, मला हे पद नको. मला घरी जायचं आहे.' दोन ओळी. पहिल्या दोन ओळींपेक्षाही चांगल्या. मग ते थांबले.

खाली सही कोणती घालायची? जुनी चालणार नव्हती. हुकूम निघाला त्या घटकेपासून ते ऊर्ध्व-आवरणातून मुक्त झाले होते. नवी घालायची तर नवं पद लिहायला हवं. ते पद नाकारायचं होतं हे खरं, पण नकार मंजूर होईपर्यंत ते त्यांचंच होतं. आणि स्वाक्षरी-संचालकाचाच मेल सहीविना गेला तर इतर शाखांनी कोणाकडे बघायचं? त्यांनी प्रतिमाबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, संचालकांना सोनेरी कड असते. फोटोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, संचालक हाताची घडी घालत नाहीत, दोन्ही हात मोकळे ठेवतात, पण त्यासाठी खांदे वेगळे लागतात.

बायको आता फोन उचलते. तिने परवा विचारलं, "लिहिलं का साहेबांना?"

"लिहिलंय," जावईबापू म्हणाले. "वरचं तयार आहे."

या माणसाला तुम्ही हसला असाल. खुशाल हसा, जावयाला हसायला घरचंच असावं लागतं असं नाही. पण पहिली चार वाक्यं वाचून झाल्यावर तुमची नजर हळूच पान उलटून शेवटी गेली होती, हे लिहिणारं कोण, शिकलंय किती, कुठल्या हुद्द्यावर आहे, ते बघायला. मग ठरवणार होतात, पुढचं वाचायचं की नाही.

खाली काही नाही. सांगायचं होतं ते वर सांगून झालंय.